खालच्या कप्प्यातले रोल

मंगळवार, ६ फेब्रुवारी १९९६. सकाळी सव्वाअकरा वाजता विनायक भावसारने डार्करूमचा पडदा बाजूला केला आणि निगेटिव्हची ओली पट्टी माझ्यासमोर धरली. पंचायत समितीच्या नव्या सभापतींचे छत्तीस फोटो. त्यातला एकही छापण्याजोगा नव्हता.

मी तेव्हा वरणखेड्याहून एका जिल्हा दैनिकाला बातम्या पाठवत असे. बातमी आणि फोटोचं पाकीट दुपारी एकच्या एसटीने कंडक्टरच्या हाती द्यायचं, ते संध्याकाळी कचेरीत पोचायचं. एकची एसटी चुकली की बातमी शिळी. विनायकचा स्टुडिओ हा माझ्या या धावपळीतला एक थांबा होता.

पट्टीवर सभापती होते, हारही होता, पण सगळ्यांवर राखेसारखा थर बसला होता.

"औषध जुनं झालं असेल तुझं," मी म्हणालो.

"काल बनवलंय, चौधरीभाऊ."

"मग उजेड शिरला असेल डार्करूममधे."

"डार्करूममधे उजेड शिरला तर मी धंदा बंद करतो." विनायकने पट्टी चिमट्याला टांगली. "हा तिसरा रोल. आधीचे दोन असेच गेले. एक तर मुंजीचा होता, यजमानाने माझ्या आईवडलांचा उद्धार केला. वरच्या कप्प्यातला माल आहे हा. पत्र्याची धग लागत असेल. खालच्या कप्प्यातले बरे निघतात."

"फेब्रुवारीत कसली धग?"

माझ्याकडे फोटो नव्हता. एकची एसटी फोटोशिवाय गेली.

त्या दुपारी मी स्टुडिओतच बसून राहिलो. खरं तर भांडायलाच बसलो होतो. स्टुडिओ होता कापसाच्या जुन्या जिनिंगच्या कचेरीत. जिनिंग बंद पडल्यावर मालकाने इमारतीचे दोन भाग भाड्याने दिले होते. रस्त्याकडचा भाग विनायककडे. पलीकडच्या भागात दोन वर्षांपूर्वी डॉ. नेहत्यांचा एक्स-रेचा दवाखाना आला होता. स्टुडिओच्या मागच्या खोलीत विनायकची बायको, कुमुदवहिनी, निगेटिव्हवर रिटचिंग करायची. उंच स्टूल, उतरतं टेबल, टोकदार पेन्सिल. लोकांच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण ती निगेटिव्हमधे एकेक ठिपका भरून घालवायची. पाठ मधल्या भिंतीला, डाव्या हाताला उजेडाची खिडकी, आणि समोर रोल ठेवायचं दोन कप्प्यांचं फडताळ. सकाळी दहा ते दुपारी चार ती त्या स्टुलावर असे.

मोठ्या डब्यातली फिल्म कापून रोल भरायचं कामही तिचंच. लग्नसराईसाठी तिने जानेवारीत सदतीस रोल भरून, नंबर घालून वरच्या कप्प्यात ओळीने उभे केले होते; शेवटचे तीन वापरून झाले, चौतीस उरले होते. वीस खालच्या कप्प्यात.

"सगळेच खराब आहेत का, ते आधी बघू ना," ती म्हणाली. "प्रत्येकाचा बोटभर तुकडा कापा आणि धुवा. भांडून काय होणार? भाऊंची गाडी तर गेलीच."

"चौतीस रोल खोलायचे?" विनायक म्हणाला.

"मग मुंजीवाल्याच्या शिव्या चौतीस वेळा खा."

वरचे चौतीस आणि खालचे वीस, सगळे तुकडे धुऊन झाले तेव्हा साडेचार वाजले होते. विनायकने आणि मी ते नंबरवार दोरीला चिमट्यांनी अडकवले, आणि कुमुदवहिनी हात पदराला पुसत समोर उभी राहिली. न वापरलेली फिल्म धुतली तर काचेसारखी निघायला हवी. खालच्या कप्प्यातले तुकडे जेमतेम करडे होते, वरचे काळपट. पण सगळे नाही.

"सहा नंबर साफ आहे," ती म्हणाली. "बारा साफ आहे."

विनायक पुढे सरकला. "अठरा."

"चोवीस आणि तीस."

मी वहीत आकडे लिहून घेतले. दर सहावा रोल साफ. धगीला असं मोजून सोडता येत नाही. ठराविक अंतराने काहीतरी आडवं येत होतं. मग कुमुदवहिनीने वळून आपल्या स्टुलामागच्या भिंतीवरची दोन कॅलेंडरं उचकटली. त्यांच्यामागे कागद चिकटवलेला होता. तो नखाने सोलला, तर आत उभे लोखंडी गज होते. पाच.

"जिनिंगची पगाराची खिडकी आहे ही," विनायक म्हणाला. "इथून हमालांना पगार वाटायचे. आम्ही जागा घेतली तेव्हा कागद लावला होता."

गजांच्या पलीकडे, एक्स-रेच्या दवाखान्याच्या बाजूला, लाकूड होतं. मी बोटाने ठोकलं. पोकळ वाजलं.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी पलीकडे गेलो. डॉ. नेहते सज्जन गृहस्थ म्हणून गावात प्रसिद्ध होते. गणपतीला वर्गणी, शाळेला पंखे, आमच्या दैनिकाला दर दिवाळीला पाव पान जाहिरात. त्यांनी मला चहा सांगितला आणि मशीन दाखवलं. छातीचा फोटो काढताना पेशंटने ज्याला छाती टेकवायची तो स्टँड मधल्या भिंतीशी उभा होता. मशीनचं तोंड त्या भिंतीकडे. स्टँडच्या मागे भिंत पांढरी होती आणि तिच्यावर पाटी होती: 'गरोदर महिलांनी आत येण्यापूर्वी सांगावे.'

"दिवसाला किती फोटो होतात, डॉक्टर?"

"तीस, पस्तीस. बाजारच्या दिवशी जास्त. का? बातमी करताय?"

"या पाटीमागे काय आहे?"

"भिंत."

मी पाटीच्या बाजूला ठोकलं. कालचाच आवाज.

"ही भिंत नाही, डॉक्टर. पाव इंची प्लायवुड आहे. चुना मारलाय."

"आहे ते मालकाने करून दिलंय." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "चौधरी, एक्स-रे म्हणजे बॅटरीचा झोत. बटण दाबलं की लागला, सोडलं की संपला. खोलीत साठून राहत नाही. पाव सेकंदाचा खेळ आहे. तुम्हाला कोणी सांगितलं हे?"

"विनायकचे चौतीसपैकी एकोणतीस रोल गेले."

"असं होय." ते हसले. "मग किंमत सांगा म्हणावं त्याला. रोल घेऊन देतो नवे."

"पलीकडे त्याची बायको बसते. या पाटीच्या बरोबर मागे."

यावर ते हसले नाहीत. पण खिडकी बंद करून घेतो, असंही म्हणाले नाहीत. म्हणाले, "पेशंट खोळंबलेत. तुम्ही सभापतींच्या बातम्या लिहा."

मी दीड पानाची बातमी लिहिली. तुकड्यांचे नंबर, गजांची संख्या, प्लायवुडची जाडी, डॉक्टरांचं म्हणणं, सगळं. सोबत तुकड्यांच्या दोरीचा फोटो. गुरुवारी रात्री जिल्हा आवृत्तीचे प्रमुख टेंबे यांचा शेजारच्या दुकानात फोन आला.

"चौधरी, हे छापता येणार नाही."

"जाहिरातीमुळे?"

"जाहिरात आहेच, ती मी नाकारत नाही. पण तुम्हीच बघा ना. फिल्म फोटोग्राफरची, धुतली फोटोग्राफरने, तक्रार फोटोग्राफरची. डार्करूममधे बसून तो वाट्टेल तो तुकडा काळा करेल. उद्या डॉक्टर कोर्टात उभे राहिले तर? तिऱ्हाईत पुरावा आणा. मी पहिल्या पानावर घेतो."

मला राग आला, पण मुद्दा पटला. माझी सगळी उमेदवारी याच शिस्तीत गेली होती: दोन बाजू, लेखी कागद, तिसरा साक्षीदार. म्हणून पुढचं सगळं मी माझ्या पद्धतीने केलं, नि ते नीट सांगायला हवं.

दरम्यान कुमुदवहिनीचं स्टूल आम्ही पुढच्या खोलीत नेलं होतं. ती तिथे पेन्सिल घेऊन बसायची, पण काम होत नव्हतं. बुधवारी, १४ तारखेला, मी गेलो तेव्हा विनायक बाहेर होता आणि त्याची आई, द्वारकाबाई, शेंगा सोलत बसली होती.

"रोलचं झालं का काही?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"रोलचं नाही आई, भिंतीचं," कुमुदवहिनी म्हणाली.

"तेच ते." म्हातारीने टरफलं सुपात टाकली. "भाऊ, तुम्ही शिकलेले आहात. हिचं दोनदा पोट पडलं. दोन वर्षांत दोनदा. मी काय कमी जपलं? दिवाळीच्या ग्रहणाला हिला चौथा महिना. सुई हातात घेऊ दिली नाही. उजेडाची तिरीप लागायला नको म्हणून मागच्या खोलीत बसवून ठेवली, पडदे लावून. तरी महिन्याभरात गेलं. बाया म्हणतात हिच्यातच खोट आहे. मी नाही म्हणत. बाया म्हणतात."

कुमुदवहिनीने पेन्सिल खाली ठेवली.

"भाऊ," ती म्हणाली, "तुम्ही छापा नाही तर नका छापू. मला पेपरात नाव नको. मला एक कागद पाहिजे. सरकारी, सही-शिक्क्याचा. भिंत होती की मी, एवढंच त्याच्यावर लिहिलेलं."

"मिळेल," मी म्हणालो.

गुरुवारी, १५ फेब्रुवारीला, पोस्टमास्तर आणि एक निवृत्त हेडमास्तर या दोन पंचांसमोर विनायकने नव्या सीलबंद पुड्यातली एक मोठी कट फिल्म, रोल नसलेला सुटा चौकोनी तुकडा, डार्करूममधे काढली. पंच आत उभे होते. फिल्म दुहेरी काळ्या कागदात गुंडाळली, कागदावर पंचांनी सह्या केल्या, आणि ते पाकीट पगाराच्या खिडकीच्या गजांवर चिकटवलं. खोलीला कुलूप लावलं. किल्ली पोस्टमास्तरांकडे. सोमवारी, १९ तारखेला, बाजारचा दिवस धरून पाकीट काढलं.

"आता धुतो," विनायक म्हणाला. "अर्ध्या तासात गज दिसतील. मग कोणी उजेडात बघो नाही तर उन्हात वाळत घालो."

"धुवायचं नाही."

"म्हणजे?"

"तू धुतलं की म्हणतील तू केलंस. हे असंच जाईल. जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात, त्यांच्या माणसासमोर, त्यांच्या डार्करूममधे धुतलं जाईल. मग कोणाला तोंड उरणार नाही."

"भाऊ, न धुतलेली फिल्म म्हणजे कच्चं अंडं आहे. जरा उजेड लागला की संपली."

"मी स्वतः घेऊन जातोय."

हेडमास्तर म्हणाले, चौधरी बरोबर बोलतायत. विनायकने खांदे उडवले. काळ्या कागदावर खाकी पाकीट, त्यावर लाखेचं सील. वर मी लाल शाईने लिहिलं: 'आत न धुतलेली फिल्म आहे. फक्त अंधाऱ्या खोलीत उघडावे.' खाली रेघ ओढली. दोनदा.

मंगळवारी, २० तारखेला, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मी जिल्ह्याच्या गावी आरोग्य कार्यालयात पोचलो. साहेब दौऱ्यावर होते. तंत्रज्ञ होता, पण टपाल आवक झाल्याशिवाय तो हात लावणार नव्हता. आवक टेबलावर अहिरराव नावाचे कारकून होते. चष्मा, बाह्यांना रबर, अक्षर मोत्यासारखं. मी अर्ज आणि पाकीट त्यांच्यासमोर ठेवलं, वरची लाल ओळ वाचून दाखवली. त्यांनी ती स्वतःही वाचली, मान हलवली.

"अर्जाची दुसरी प्रत? त्याच्यावर पोच देतो."

दुसरी प्रत मी आणली नव्हती. मी आयुष्यात विसरलेला तो एकच कागद असेल. कार्यालयासमोर झेरॉक्सचं दुकान होतं. अर्ज घेऊन गेलो, पाकीट टेबलावर ठेवून. पुढे दोन माणसं होती. परत यायला सहा-सात मिनिटं लागली.

अहिररावांच्या टेबलावर लाखेचे तुकडे पडले होते. खाकी पाकीट एका बाजूला, काळे कागद दुसऱ्या बाजूला, घड्या घालून, त्यांच्यावर पेपरवेट. मधे फिल्म होती. वरच्या खिडकीतून ऊन नेमकं तिच्यावर पडलं होतं.

"हे काय केलंत?" मी म्हणालो.

"नोंद." त्यांनी रजिस्टर माझ्याकडे वळवलं. 'सोबत: काळा कागद नग २, पारदर्शक नसलेला प्लास्टिकचा चौकोनी तुकडा नग १.'

"वर लिहिलं होतं."

"वाचलं ना. अंधारात उघडावे. म्हणून टेबलाखाली धरून उघडलं." ते माझ्याकडे जरा दुखावलेल्या नजरेने बघत होते. "आत काय आहे ते बघितल्याशिवाय आवक कशी घेणार, साहेब? गेल्या वर्षी एकाने सीलबंद पाकीट दिलं, आत कोरा कागद. नंतर म्हणाला दाखला होता, तुम्ही गहाळ केला. चौकशी माझी लागली. तेव्हापासून नियम आहे. नग मोजल्याशिवाय शिक्का नाही."

"ती फिल्म गेली."

"कुठे गेली? ही काय, जागेवर आहे. एकही नग कमी नाही."

त्या माणसावर ओरडायचं माझ्या तोंडावर आलं होतं. ओरडलो असतो तर बरं झालं असतं, असं आज वाटतं. पण त्याने नियम मोडला नव्हता. मीही मोडला नव्हता. मी पोच घेतली. आवक क्रमांक ११४७. शिक्का स्वच्छ उमटला होता.

साडेपाचच्या एसटीने वरणखेड्याला उतरलो, तर दवाखान्यासमोर गाढवांवरून रेतीच्या गोण्या उतरत होत्या. आत गवंडी होता. डॉ. नेहते दारात उभे होते.

"या चौधरी," ते म्हणाले. "तुमच्या मनाला शांती मिळावी म्हणून वीट लावून घेतोय. पक्की. नऊ इंची. आता तरी खूश?"

"म्हणजे आधी नव्हती."

"असं मी कुठे म्हटलं?"

दुसरी फिल्म लावायला खिडकीच उरली नाही. टेंब्यांनी बातमी घेतली नाही. मी चार ओळींचं पत्रक लिहिलं, तेही नाही.

११ जून १९९६ ला कार्यालयाचं उत्तर आलं. ते माझ्याकडे आहे. "आपणाकडील संदर्भीय पाकिटातील वस्तू तपासणीअंती पूर्णतः काळी आढळून आल्याने त्यावरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. तसेच प्रत्यक्ष पाहणीत सदर ठिकाणी पक्की वीट-भिंत असल्याचे दिसून आले. सबब प्रकरण नस्तीबंद करण्यात येत आहे."

पत्र घेऊन मी स्टुडिओत गेलो. कुमुदवहिनीने ते उभ्याने वाचलं, घडी घातली, मला परत दिलं.

"तपासणीअंती," ती म्हणाली. "कशाची केली तपासणी? बाईची तर नाही केली."

विनायक म्हणाला, "मी म्हटलं होतं, धुऊन देतो."

"जाऊ दे ते," ती म्हणाली. मग फडताळातून तिने एक चपटा डबा काढला. त्यात सहा फेब्रुवारीचे तुकडे होते, नंबरवार, कागदाच्या पट्टीवर चिकटवलेले. वरच्या कप्प्याचे चौतीस. खाली, वेगळ्या पट्टीवर, खालच्या कप्प्याचे वीस.

"भाऊ, मी चार महिने हे बघतेय. वरचे काळे झाले. मधले पाच साफ राहिले, कारण गज आडवे आले. लोखंडाने अडवलं. बरोबर?"

"बरोबर."

"मग हे खालचे बघा. यांच्यापुढे गज तेच, प्लायवुड तेच. झोत तोच. पण हे जेमतेम करडे. सगळेच्या सगळे." तिने पट्टी माझ्या हातात दिली. "धग वर जाते म्हणून खालचे वाचले, असं हे म्हणायचे. तुम्ही पण लिहून घेतलं. कोणी विचारलं नाही, खालच्यांच्या आड काय होतं."

मी पट्टीकडे बघत राहिलो. उंच स्टूल. उतरतं टेबल. खालचा कप्पा तिच्या पोटाच्या रेषेत होता.

"दहा ते चार," ती म्हणाली. "रोल वाचले."

विनायक उठून डार्करूममधे गेला आणि त्याने पडदा ओढून घेतला.

तिला त्यानंतर दिवस गेले नाहीत. त्या भिंतीमुळेच, असं मी लिहिणार नाही. ते मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही, आणि माहीत होऊ शकलं असतं असा जो एक चौकोनी तुकडा होता, तो मी स्वतः नेऊन टेबलावर ठेवला.

डॉ. नेहत्यांनी २००१ मधे बायपासवर तीन मजली दवाखाना बांधला. जुनं मशीन त्यांनी शेजारच्या तालुक्यातल्या एका डॉक्टरला दिलं. तिथे ते कुठल्या भिंतीशी उभं राहिलं, हे विचारायला मी दोनदा गेलो. आत सोडलं नाही. जिनिंगची कचेरी २०१४ मधे पाडली. मी उभा होतो. नऊ इंची म्हणून सांगितलेली वीट साडेचार इंची निघाली, आणि तिच्यामागे प्लायवुड तसंच होतं. मी त्याचे फोटो काढले. पाटीच्या चार खिळ्यांची भोकं त्यात स्पष्ट दिसतात.

ते फोटो जोडून मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला: आवक क्रमांक ११४७ ची नस्ती, त्यातील नग १, आणि तपासणी कोणी, कधी, कशी केली त्याची टिपणी. आजवर चार अर्ज झाले. पहिल्याला उत्तर आलं, अर्ज चुकीच्या शाखेकडे केला आहे. दुसऱ्याला आलं नाही. तिसऱ्याला आलं, कार्यालय नव्या इमारतीत स्थलांतरित झाले आहे.

कुमुदवहिनी आता छप्पन्न वर्षांची आहे. विनायकचं झेरॉक्सचं दुकान आहे, ती काउंटरवर बसते. चपटा डबा तिच्याकडेच आहे. ती महिन्यातून एकदा फोन करते, फार बोलत नाही.

"आलं का काही, भाऊ?"

चौथ्या अर्जाचं उत्तर १२ मार्चला आलं. एका ओळीचं आहे: "अभिलेख शोधण्याची कार्यवाही सुरू आहे." खाली सही आहे. शिक्का आहे.

त्यानंतर काही आलेलं नाही.